व्हिव्हियन वेस्टवुड : रॅम्पवरील स्टायलिंग आणि तिची समीक्षा

व्हिव्हियन वेस्टवुड (८ एप्रिल १९४१ – २९ डिसेंबर २०२२) या ब्रिटिश वस्त्ररचनाकाराच्या संग्रहांची समीक्षा करताना कपडा आणि त्याची मांडणी या दोन बाबी वेगळ्या पाहाव्या लागतात. कपडा कापून-शिवून तयार झाल्यावर तो कशावर चढवायचा, खाली कोणते पायताण, केस बांधलेले की मोकळे, दागिना कोणता, कोण आधी चालणार आणि कोण शेवटी, हे सारे ठरवण्याला स्टायलिंग म्हणतात. नऊवारी एकच असते. पण शेतातल्या बाईची, लग्नातल्या वरमाईची आणि लावणीच्या फडातली नेसण तीन वेगळ्या गोष्टी सांगते. स्टायलिंगचे कामही तेच आहे. वेस्टवुड यांच्या बाबतीत ही बाजू शिलाईइतकीच महत्त्वाची ठरते, कारण त्यांची बरीचशी कीर्ती कपडे एकमेकांवर ‘चुकीच्या’ जागी घालण्यातून उभी राहिली.

त्याची सुरुवात रॅम्पवर नव्हे, दुकानात झाली. १९७१ मध्ये त्या वेळचे जोडीदार माल्कम मॅक्लॅरन यांच्यासोबत त्यांनी लंडनच्या किंग्ज रोडवर ४३० क्रमांकाचे दुकान थाटले. पुढच्या काही वर्षांत त्याची नावे आणि माल बदलत गेला. फाटलेले टी-शर्ट, सेफ्टी पिना, पट्ट्यांनी जखडलेल्या विजारी हा पंक पोशाख तिथे घडला आणि गिऱ्हाइकांनी तो आपापल्या पद्धतीने अंगावर चढवला. रॅम्पवरचा पहिला शो, ‘पायरेट्स’, १९८१ मध्ये लंडनच्या ऑलिम्पिया सभागृहात झाला. सैल सदरे, कमरेचे शेले आणि चाच्यांच्या टोप्या स्त्री-पुरुष दोघांच्याही अंगावर होत्या. पुढच्याच वर्षी मातकट रंगांच्या घेरदार घागऱ्यांवर आणि झग्यांवर, म्हणजे बाहेरच्या बाजूला, ब्रेसियर चढवली गेली आणि जोडीला पेरूच्या डोंगराळ भागातल्या बायका घालतात तशा हॅट आल्या. आतले वस्त्र बाहेर घालण्याची ही कल्पना पुढे इतरांनी इतकी उचलली की आज तिच्यातला धक्का जाणवत नाही. मात्र त्या हॅट ज्यांच्या होत्या, त्यांच्याबद्दल त्या मांडणीत काही सांगितलेले नव्हते. उसनवारीचा हा प्रश्न वेस्टवुड यांच्या कामात पुन्हा पुन्हा येतो.

१९८५ च्या ‘मिनी-क्रिनी’ संग्रहात व्हिक्टोरियाकालीन पिंजऱ्यासारखा घेर मांडीपर्यंत आखूड करून जाड लाकडी तळाच्या बुटांवर घातला होता. १९८८ मध्ये त्यांचे कपडे बीबीसीच्या ‘वोगन’ कार्यक्रमात सूत्रसंचालक सू लॉली यांच्यापुढे दाखवले गेले, तेव्हा प्रेक्षक खदखदून हसले आणि वेस्टवुड संतापल्या. हे हसू शिलाईला नव्हते. रॅम्पसाठी जुळवलेले पोशाख बैठकीच्या खोलीसारख्या सेटवर, उजळ दिव्यांत, एकेक करून आणले की त्यांचे संदर्भ गळून पडतात आणि उरतो तो विचित्रपणा. पुढे १९९० आणि १९९१ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांना ब्रिटनचा सर्वोत्कृष्ट रचनाकाराचा पुरस्कार मिळाला. एका पोशाखाची निंदा आणि स्तुती यांतले अंतर पुष्कळदा स्टायलिंगनेच ठरते, याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा नाही.

त्यांच्या स्टायलिंगची सगळ्यात भक्कम बाजू १९९० च्या ‘पोर्ट्रेट’ संग्रहात दिसते. त्यातल्या कॉर्सेटच्या छातीवर फ्रान्स्वा बुशे या अठराव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकाराचे मेंढपाळ जोडप्याचे चित्र छापले होते. मूळ चित्र लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये आहे. कॉर्सेट जवळून पाहिला तर कळते, की बाजूंना ताणले जाणारे कापड आहे आणि पाठीला नाडीऐवजी झिप आहे. म्हणजे आवळून घेण्याचा छळ संपला, आकार मात्र तसाच राहिला. गळ्यात मोत्यांची तीनपदरी माळ. चित्र, आकार आणि मोती एकाच काळाचे, घालणारी मात्र आजची. इथे स्टायलिंगने इतिहास अंगावर ओझ्यासारखा लादला नाही, तो घालता येईल असा केला. वेस्टवुड यांच्या साऱ्या कारकिर्दीत इतकी नेमकी जुळणी क्वचितच साधली असेल.

१९९३ चा पॅरिसमधला ‘अँग्लोमेनिया’ शो आठवला जातो तो मॉडेल नाओमी कँपबेल यांच्या पडण्यामुळे. पायांतले बूट वीस सेंटिमीटरहून उंच टाचांचे होते. ते आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. हसत उठलेल्या कँपबेल यांचे कौतुक झाले, पण समीक्षेच्या नजरेने ती मांडणी फसलेली होती. स्कॉटलंडच्या चौकडीच्या लोकरीवर रचलेले थर या संग्रहाचा गाभा होते. त्यांतली एक चौकड वेस्टवुड यांनी पती आंद्रेयास क्रोनथालर यांच्या नावाने नव्याने घडवून घेतली होती. बुटांनी चाल बिघडवली आणि ते कापड कोणाच्या लक्षातच राहिले नाही.

जानेवारी २०१० मधील मिलानच्या पुरुष-पोशाखांच्या शोवर झालेली टीका अधिक गंभीर आहे. बेघर माणसांवरून सुचलेल्या या मांडणीत मॉडेल गुंडाळलेली अंथरुणे घेऊन चालले. वेस्टवुड हवामानबदल आणि उपभोग यांविषयी कळकळीने बोलल्या. त्यांच्या हेतूवर शंका घ्यायचे कारण नाही. पण परभणी जिल्ह्यासह मराठवाड्यातून दर दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांची वळकटी ज्याने पाहिली आहे, त्याला त्या मांडणीतला दोष लगेच जाणवतो. वळकटीत घोंगडी, गोधडी आणि भांडी असतात, कारण सहा महिने तेच घर असते. तिला महागड्या कोटाची जोड म्हणून वापरले की ती दारिद्र्याची नुसती खूण होते. ‘पोर्ट्रेट’मध्ये जी पद्धत यशस्वी झाली तीच इथे उघडी पडली : सत्ताधीशांचा पोशाख उचलणे आणि निराधारांचा उचलणे या समान गोष्टी नाहीत.

वेस्टवुड यांच्या पश्चात १ एप्रिल २०२५ रोजी मुंबईत गेटवे ऑफ इंडियापाशी त्यांच्या ब्रँडचा शो झाला. राज्य शासनाच्या वस्त्रोद्योग विभागाचे त्याला सहकार्य होते. नेहमीच्या संग्रहाबरोबर खादी व चंदेरीसारख्या हातमागाच्या कापडाचे पोशाख त्यात होते. स्थळाची निवड हाही स्टायलिंगचाच भाग. जॉर्ज विटेट यांनी आखलेल्या आणि १९२४ मध्ये खुल्या झालेल्या या कमानीखालून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश पलटण मायदेशी गेली होती. ब्रिटिश राजचिन्हांची मोडतोड करून नाव कमावलेल्या ब्रँडने तिथे खादी आणावी, यात मोठा आशय दडलेला होता. प्रश्न उरतो तो कारागिरांचे नाव घेण्याचा. ३० मार्च २०२३ रोजी फ्रेंच ब्रँड दिओरचा शो याच जागी झाला, तेव्हा भरतकाम करणाऱ्या मुंबईच्या चाणक्य या संस्थेला श्रेय उघडपणे मिळाले होते. नावाच्या या मुद्द्याचे महत्त्व जून २०२५ मध्ये पुन्हा दिसले. मिलानच्या रॅम्पवर इटालियन ब्रँड प्राडाने कोल्हापुरीसारखी चप्पल मूळ सांगितल्याशिवाय दाखवली आणि महाराष्ट्रातून निषेध झाल्यावर भारतीय परंपरेचे ऋण मान्य केले. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे.

खादी मात्र नुसती खूण म्हणून पाहण्याचे कापड नाही, आणि परभणी जिल्ह्यातल्या पाथरी-मानवतसारख्या कापसाच्या पट्ट्यातला वाचक ते जाणतो. हातसुताची जाडी जागोजागी बदलते, म्हणून हे कापड अंगाला चिकटून न बसता थोडे दूर राहते. वेस्टवुड यांची खास कापणी तिरकी आणि अंगाभोवती गुंडाळत जाणारी आहे. तीत खादी कशी पडते, हे पाहणे हीच अशा शोची खरी परीक्षा. राज्याच्या वस्त्रोद्योग धोरणाने पारंपरिक म्हणून मानलेल्या पाच वस्त्रांनाही (पैठणी, हिमरू, करवतकाठी, खण आणि घोंगडी) हाच निकष लागतो. पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा विणलेला असतो. तो कापून कॉर्सेटच्या तुकड्यांत बसवला तर विणकराची अर्धी मेहनत शिवणीत जाते. छत्रपती संभाजीनगरच्या हिमरूचे उलट आहे. सुती ताण्यावर रेशमाची नक्षी उठते आणि उलट्या बाजूला सुटे धागे लोंबतात. अस्तर लावून ताठ बसवलेल्या कापणीत ते शोभते, लपेटीत नाही. खणाची पट्टी मुळातच चोळीच्या मापाची, त्यामुळे लहान तुकड्यांच्या कापणीला ती पाचांत सर्वांत सोयीची. रॅम्पची छायाचित्रे बहुधा समोरून घेतलेली असतात. शिवण, अस्तर आणि पाठीचा पडाव त्यांत दिसत नाही. म्हणून हातमागाच्या पोशाखावरचे मत चालत्या चित्रफितीवरून, आणि शक्य तिथे कापड हातात घेऊन, बनवावे लागते.