पारदर्शक वेष्टनाची कुळकथा

खाद्यपदार्थांचें पारदर्शक वेष्टन म्हटलें कीं आज प्लॅस्टिकच डोळ्यांपुढें येतें. परंतु या जातीचें पहिलें नांवाजलेलें वेष्टन लांकडाच्या लगद्यापासून झालें होतें, आणि तें मातींत मुरून जाई. तें म्हणजे सेलोफेन.

१८९२ सालीं इंग्लंडांत क्रॉस, बेव्हन व बीडल या रसायनज्ञांनीं लांकडांतील सेल्युलोज विरघळविण्याची युक्ति काढली. प्रथम कॉस्टिक सोडा व मागून कार्बन डायसल्फाइड यांची क्रिया केली असतां सेल्युलोजचा मधासारखा दाट रस होतो, तोच व्हिस्कोज. पुढें जाक ब्रांडेनबर्गर हा स्विस रसायनज्ञ फ्रान्समध्यें कापडाच्या धंद्यांत असतां, उपाहारगृहांतील मेजावर मद्य सांडलेलें पाहून डाग न धरणारें कापड करण्याचें त्याच्या मनांत आलें, असें सांगतात. त्यानें कापडास व्हिस्कोज फासलें. कापड ताठ होऊन फुकट गेलें, पण वरचा थर कांचेसारखा अलग सुटून आला! १९०८ च्या सुमारास त्यानें असा पापुद्रा काढण्याचें यंत्र सिद्ध केलें.

नुसता सेल्युलोजचा पापुद्रा वाळला कीं मोडतो. त्याचे लांब रेणू एकमेकांस घट्ट धरून बसतात. त्यांच्यामध्यें ग्लिसरीनचे लहान रेणू शिरले म्हणजे ती पकड सैल होते व पापुद्रा वांकतो. कणकेंत मोहन घालावें तसाच कांहींसा हा प्रकार. मात्र असल्या पापुद्र्यांतून दमट हवेचा ओलावा सहज आंत जाई. १९२७ सालीं अमेरिकेंत डुपाँ कंपनीच्या विल्यम हेल चार्च यानें मेण घातलेल्या वार्निशाचा अत्यंत पातळ थर देऊन तो अडविला.

या चकचकीत वेष्टनाची खरी किंमत कारखान्यांतील मजुरांनीं दिली. कार्बन डायसल्फाइडची वाफ नित्य हुंगणाराचे हातपाय लुळे पडत, कित्येकांची बुद्धि भ्रमिष्ट होई. आणि हें अज्ञानामुळें झालें असेंही नव्हे! पॅरिसचे डॉक्टर देलपेश यांनीं १८५६ सालींच रबराच्या कामगारांवरून हा रोग वर्णिला होता. म्हणजे व्हिस्कोज निघालें त्याच्या छत्तीस वर्षें आधीं.

निरुपद्रवी द्रावकांचा शोध नेटानें सुरू झाला तो बऱ्याच उशिरां. २००३ सालीं लेस्टर येथें अँड्र्यू ॲबट व त्यांचे सहकारी यांनीं एक नवल प्रसिद्ध केलें. कोलीन क्लोराइड ३०२ अंशांस वितळतें, युरिया १३३ अंशांस. पण पहिल्याचा एक रेणू व दुसऱ्याचे दोन या प्रमाणांत मिसळतांच मिश्रणाचा वितळबिंदु १२ अंशांवर येतो. दोन्ही कोरडीं चूर्णें, आणि त्यांचें पाणी होतें! २०११ सालीं लायडेनच्या संशोधकांनीं शर्करा व सेंद्रिय आम्लें यांचींही तशीं मिश्रणें दाखविलीं. हे द्रव सहसा उडून जात नाहींत; म्हणून स्टार्च किंवा कायटोसान यांच्या पापुद्र्यांत ते ग्लिसरीनच्या जागीं राहून मऊपणा देतात.

मजुराच्या छातींत वाफ जात नाहीं, हा लाभ मोठाच. परंतु जें पापुद्र्यांत राहतें तें अन्नांतही झिरपूं शकतें. कोलीन क्लोराइड कोंबड्यांच्या खाद्यांत घालतात, एवढ्यावरून प्रत्येक मिश्रण निर्धास्त ठरत नाहीं; युरियाचें वेगळें, लिंबाच्या आम्लाचें वेगळें. शिवाय ग्लिसरीनप्रमाणेंच हींही पाणी ओढून घेतात, आणि दमट हवेंत पापुद्रा चिकट होतो. त्यावर चार्चच्या वार्निशासारखाच कांहीं उपाय लागतो. मात्र तें वार्निशही मातींत मुरणारें असावयास हवें.