तहान आणि पाणी

छत्रपती संभाजीनगरहून पडेगाव ओलांडले की रस्ता दौलताबादेस व पुढे वेरुळास जातो. या एकाच वाटेवर एका जुन्या प्रश्नाची दोन उत्तरे भेटतात. जीवितास काही अर्थ असावा ही मनुष्याची तळमळ ईश्वराच्या अस्तित्वाची साक्ष होय काय?

दौलताबाद म्हणजेच देवगिरी. सोळाव्या शतकात पैठणचा बाल एकनाथ ही तळमळ घेऊन येथे जनार्दनस्वामींच्या चरणाशी आला, असे परंपरा सांगते. भक्ताच्या लेखी तहान हीच पाण्याची खूण होय.

वेरुळ मात्र या साक्षीची उलटतपासणी घेते. तेथील ३४ प्रमुख लेण्यांत १२ बौद्ध, १७ हिंदू व ५ जैन आहेत. आठव्या शतकात राष्ट्रकूटांनी शिवासाठी कैलास कोरविला. जगत्कर्ता ईश्वर न मानणाऱ्या बौद्ध-जैनांनीही त्याच डोंगरात तितक्याच निष्ठेने छिन्नी चालविली. तहान तीच, परंतु पाण्याचे नाव निराळे.

तेव्हा तळमळीने ईश्वर सिद्ध होत नाही. तशीच ती पोकळही ठरत नाही. तिने शोध आरंभतो. परंपरेतील एकनाथही सिद्धान्त पटल्यावर नव्हे, तहान लागली म्हणूनच घराबाहेर पडले.