डाव्या हातानं मोकळी केलेली जागा

जॅझमधलं पियानो त्रिकूट म्हणजे पियानो, बेस आणि ड्रम्स, हे आज आपण गृहीतच धरतो. ही मांडणी कुणी बसून ठरवलेली नाही. ती घडत गेली, आणि माझ्या मते घडली ती पियानोवादकांनी आपल्या हातातलं एकेक काम सोडून दिल्यामुळे.

1920च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये जेम्स पी. जॉन्सनसारखे वादक एकटेच मैफल रंगवत. डावा हात खर्जातला स्वर वाजवून लगेच वर झेपावे आणि स्वरसंघ वाजवी. बेसही तोच, तालही तोच. 1937 मध्ये लॉस एंजेलिसला नॅट किंग कोलनं गिटार आणि बेस सोबत घेतले, ड्रम्सशिवाय. 1943 मध्ये आर्ट टेटमनंही तीच जोडणी केली, पण त्याचं वादन इतकं भरगच्च की साथीदारांना शिरायला फट सापडणं मुश्कील. बड पॉवेलनं 1947 मध्ये कर्ली रसेलचा बेस आणि मॅक्स रोचचे ड्रम्स घेऊन ध्वनिमुद्रण केलं. त्यात डावा हात मधूनमधून स्वरसंघाचा ठोका देतो, बाकीचा भार इतरांवर.

यापुढचं श्रेय एकट्या बिल एव्हान्सला दिलं जातं. त्यात अहमद जमालवर अन्याय होतो. 1958च्या जानेवारीत शिकागोच्या पर्शिंग हॉटेलात ध्वनिमुद्रित झालेलं त्याचं ‘पॉइन्सियाना’ ऐका. जमाल वाजवता वाजवता थांबतो, आणि तेवढ्यात इस्रायल क्रॉस्बीचा बेस व व्हर्नेल फोर्नियेचा डुलता ठेका समोर येतात. साथ म्हणून मागे असलेली माणसं ऐकू येऊ लागतात.

एव्हान्सनं आणखी मोलाची गोष्ट सोडली. डाव्या हाताच्या स्वरसंघातून तो मूळ स्वरच गाळायचा. तो स्वर बेसवादकानं द्यायचा, आणि स्कॉट लाफारो तो दरवेळी देईच असं नाही. तो वरच्या सप्तकात जाऊन एव्हान्सशी सवालजवाब करी, आणि पॉल मोशन ठेका धरून बसण्याऐवजी दोघांच्या बोलण्यात ब्रशनं भर घाली. एकाचा स्वरसंघ दुसऱ्यावाचून अपुरा राहावा, ही व्यवस्थाच मला या संगीतातली सर्वांत माणुसकीची गोष्ट वाटते. 25 जून 1961च्या रविवारी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबात ते वाजवत होते. ध्वनिमुद्रणात ग्लासांची किणकिण आणि श्रोत्यांच्या गप्पाही आहेत. अकरा दिवसांनी पंचवीस वर्षांचा लाफारो मोटार अपघातात गेला. एव्हान्स त्यानंतर कित्येक महिने श्रोत्यांसमोर आलाच नाही.

पण धागा तुटला नाही. मोशन पुढे कीथ जॅरेटबरोबर वाजवू लागला. 1983 मध्ये जॅरेटनं गॅरी पीकॉक आणि जॅक डिजॉनेट यांच्यासोबत त्रिकूट बांधलं. पीकॉकनं 1963 मध्ये, तर डिजॉनेटनं 1968 मध्ये एव्हान्सला साथ केली होती. तीस वर्षं ही मंडळी एकत्र वाजवत राहिली. धून कोणती, हे बहुतेकदा मंचावरच ठरे. जॅरेट पियानोवर एकट्यानं सुरुवात करी, आणि आपण कुठे यायचं ते इतर दोघं ऐकून ठरवत.