नाच्याचे सोंग आणि गणपत पाटील

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'आत्ता गं बया!' हे तीन शब्द हात नाचवून कुणी म्हटले, की आमच्या उचगावात काय किंवा कागलात काय, जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढे एकच चेहरा येतो, गणपत पाटील यांचा. तमाशापटांतला नाच्या म्हणजे गणपतराव, असे समीकरणच होऊन बसले होते.

गणपतराव कोल्हापूरचे. घरची गरिबी, लहानपणापासून कष्ट. त्या काळी कोल्हापुरात चित्रपट हा गावचाच धंदा होता. बाबूराव पेंटरांची 'सैरंध्री' १९२० साली इथूनच निघाली. पुढे 'प्रभात' पुण्याला गेली, तरी भालजी पेंढारकरांमुळे जयप्रभा स्टुडिओत काम चालूच राहिले. किरकोळ भूमिका करणाऱ्या अनेकांची चूल त्यावर पेटे. गणपतरावांची सुरुवातही अशीच. मग 'जाळीमंदी पिकली करवंदं' या नाटकात त्यांच्या वाट्याला नाच्या आला आणि तो जन्मभर चिकटला.

१९५९ साली अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला. मग काय, तमाशापटांची लाटच आली. तमाशा म्हटला की फड आला, फड आला की नाच्या हवाच, आणि नाच्या हवा तर गणपतरावांना बोलावणे! १९६५ च्या 'केला इशारा जाता जाता'मध्येही ते होतेच.

खरे तर नाच्या ही तमाशातली जुनी गोष्ट. स्त्रिया फडात येण्याआधी 'नाच्या पोऱ्या'च लुगडे नेसून नाचत असे. पठ्ठे बापूराव आणि पवळा यांच्या जोडीने स्त्रीचा नाच गाजला, तरी पुरुषाचे बायकी सोंग गेले नाही. ते हसवण्यासाठी उरले. गंमत पाहा, त्याच महाराष्ट्रात बालगंधर्वांचे लुगडे नेसणे घरंदाज बायका डोळे भरून पाहत आणि तशीच नेसण पुढे घरात करत. त्यांना १९६४ साली पद्मभूषण मिळाले. नाटक मंडळीतला स्त्रीवेष ही कला आणि फडातला तो हेटाळणीचा विषय! हा भेद अभिनयाचा नव्हता, तो प्रेक्षकांच्या प्रतिष्ठेचा होता, असे मला वाटते.

त्याची किंमत गणपतरावांनी घरात मोजली. त्यांचा प्रपंच होता, मुलेबाळे होती. पण पडद्यावरचे सोंग लोकांना इतके खरे वाटले, की हा माणूस मुळातच तसा, अशी कुजबूज उठली. मुलांच्या सोयरिकी जुळवतानाही ती आड आली. खलनायकाला बायका शिव्या घालतात, तेव्हा त्याला ती पावती वाटते. इथे पावतीच नटाच्या अंगावर आली.

२३ मार्च २००८ रोजी गणपतराव कोल्हापुरात वारले. कागलच्या आनंद यादवांनी नाच्या होणाऱ्या गुणाची व्यथा 'नटरंग' कादंबरीत कधीच मांडली होती. तिच्यावरचा रवी जाधव यांचा चित्रपट जानेवारी २०१० मध्ये आला आणि गुणा झालेल्या अतुल कुलकर्णींसाठी शहरी प्रेक्षकही हळहळला. गणपतरावांना जाऊन तेव्हा पावणेदोन वर्षे झाली होती.