गिरकी, घूमर आणि वॉल्ट्झ : विवाहनृत्याच्या संगीतनिवडीचा एक इतिहास

‘वॉल्ट्झ’ हा शब्द ‘वाल्त्सेन’ या जर्मन क्रियापदाशी निगडित आहे. फिरणे, लोळणे, गिरक्या घेणे हे त्याचे अर्थ. राजस्थानातील ‘घूमर’ हे नावही ‘घूमना’ या क्रियेवरूनच पडले आहे. म्हणजे दोन दूरच्या समाजांनी आपापल्या नृत्याला नाव देताना शरीराची एकच हालचाल हेरली. साम्य मात्र तेथेच संपते. घूमरमध्ये स्त्री स्त्रियांच्या रिंगणात, स्वतःच्या अक्षाभोवती फिरते. वॉल्ट्झमध्ये ती पुरुषाच्या बाहूंत, त्याच्यासह फिरते. जयपूरच्या राजवाडा-हॉटेलांत आज जे विवाहसमारंभ होतात त्यांत ही दोन्ही नृत्ये एका संध्याकाळच्या कार्यक्रमात शेजारी शेजारी येऊ शकतात. पहिल्याचे गीत परंपरेने ठरलेले असते. दुसऱ्याचे निवडावे लागते. ही निवड वरकरणी केवळ हौसेची बाब वाटते. तिच्यामागे शब्द आणि स्वर, शुभ आणि अशुभ, समूह आणि दांपत्य यांच्या संबंधांचा एक दीर्घ इतिहास आहे, आणि त्याचा बराचसा भाग जयपूरबाहेर, विशेषतः गोव्यात आणि मुंबईत घडला आहे.

वॉल्ट्झ युरोपातही निर्विघ्नपणे प्रतिष्ठित झाला नाही. ऑस्ट्रिया व दक्षिण जर्मनीतील ग्रामीण नृत्यांतून तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नागर दिवाणखान्यांत शिरला. गटेच्या ‘वेर्थर’मध्ये (१७७४) नायक लोटेबरोबर हे नृत्य करतो आणि आपली प्रिया अन्य कोणाबरोबर असे नाचणार नाही, असा निश्चय मनाशी करतो. एका नृत्यप्रकाराने स्वामित्वाची भावना इतक्या थेटपणे जागी करावी, ही बाब अर्थपूर्ण आहे. बायरनने १८१३ मध्ये टोपणनावाने या नृत्यावर उपहासकाव्य लिहिले. १८१६ मध्ये इंग्लंडच्या राजप्रतिनिधीच्या बॉलमध्ये ते झाले तेव्हा लंडनच्या ‘टाइम्स’ने त्याचा खरपूस समाचार घेतला. पुढे फ्लोबेरची एमा बोव्हारी एका उमरावाबरोबर वॉल्ट्झ करते आणि तिच्या असमाधानाला नेमके रूप येते. टॉलस्टॉयची नताशा पहिल्याच बॉलमध्ये आंद्रेईबरोबर नाचते, त्यातून विवाहाचे वचन निघते आणि ते मोडतेही. सारांश, युरोपीय कादंबरीत वॉल्ट्झ हे सुखी विवाहाचे चिन्ह क्वचितच आहे. ते बहुधा विवाहाबाहेरच्या किंवा विवाहापूर्वीच्या आकांक्षेचे चिन्ह आहे. विवाहसमारंभातील पहिल्या नृत्याचा मान त्याला मिळाला, तो त्याचा धाक ओसरल्यानंतर.

जयपूरच्या संदर्भात हा धाक निराळ्या रूपात समोर येतो. राजपूत कुळांत घूमर हे जनान्यातील नृत्य होते. नववधूने सासरच्या स्त्रियांसमोर ते करणे हा तिच्या स्वीकाराचा एक विधीच मानला जाई. पुरुषांच्या दृष्टीपासून दूर असणे हा त्याच्या सौंदर्याचाच भाग होता. याच्या अगदी उलट, संस्थानिकांच्या जगात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपीय बॉल परिचित झाला होता. इंग्लंडमधील शिक्षण, पोलोचे दौरे, पाहुणे म्हणून येणारे इंग्रज अधिकारी या सर्वांबरोबर हे नृत्यही आले. एकाच राजवाड्यात पुरुषांच्या दालनात एक संगीत आणि जनान्यात दुसरे, अशी ही विभागणी होती.

ती विभागणी ज्यांच्या आयुष्यात ठळकपणे दिसते त्या जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी. त्यांचा जन्म १९१९ मध्ये लंडनला झाला. महाराजा सवाई मानसिंह दुसरे यांच्याशी त्यांचा विवाह मे १९४० मध्ये कूचबिहार येथे झाला. मराठी वाचकाला त्यांच्या मातृकुळाची आठवण करून देणे अप्रस्तुत होणार नाही. त्यांच्या आई इंदिराराजे या बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड यांच्या कन्या. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांच्याशी ठरलेला विवाह त्यांनी स्वतः मोडला आणि १९१३ मध्ये लंडनमध्ये कूचबिहारच्या राजपुत्राशी लग्न केले. त्यांच्या माहेरच्या बडोद्यात मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ मध्ये स्थापन झाली होती आणि संस्थानचा युरोपीय वाद्यवृंदही होता. देशी व पाश्चात्य संगीत एकाच दरबाराच्या आश्रयाखाली शिकवले जात होते. अशा घरातल्या मुलीची मुलगी जयपूरच्या पडदानशीन जनान्यात आली. १९४३ मध्ये तिने तेथे मुलींची शाळा काढली. १९५७ मध्ये तिचे निवासस्थान असलेल्या रामबाग राजवाड्याचे हॉटेल झाले. ज्या वास्तूत संगीताची विभागणी होती, ती वास्तू आता शुल्क भरणाऱ्या कोणत्याही दांपत्यासाठी खुली झाली. आजच्या जयपुरी विवाहनृत्याचे स्थलमाहात्म्य येथून सुरू होते. वधूवरांना हवा असतो तो राजवाडा. त्या राजवाड्यात कोण कोणासमोर नाचू शकत असे, हा तपशील मात्र सोयीस्करपणे वगळला जातो.

या समस्येचा अधिक परिपक्व विचार गोव्यातील ख्रिस्ती समाजाने एकोणिसाव्या शतकातच केला होता. त्याची पार्श्वभूमी कठोर आहे. धर्मांतरानंतरही गोव्यातील कुटुंबे लग्नात ‘वोवियो’ गात असत. मराठीतील ओवीशी या शब्दाचे नाते उघड आहे. इन्क्विझिशनने १७३६ मध्ये काढलेल्या हुकूमनाम्यात लग्नकार्यातील अनेक देशी रीतींबरोबर ही गाणीही निषिद्ध ठरवली आणि हिंदू वाजंत्र्यांना बोलावण्यास मनाई केली. अ. का. प्रियोळकरांनी आपल्या ‘द गोवा इन्क्विझिशन’ (१९६१) या इंग्रजी ग्रंथात हा सर्व तपशील मांडला आहे. लग्नात काय गावे हा प्रश्न येथे शब्दशः राज्यसत्तेचा व धर्मसत्तेचा झाला होता. तरीही नारळाच्या रसाने वधूवरांना न्हाऊ घालण्याचा ‘रोस’ आणि त्या वेळची गाणी टिकली. बंदी हुकमाने घालता येते, स्मृतीवर ती चालत नाही.

यानंतर सुमारे एका शतकाने, सासष्टीतील कुडतरी, लोटली, राय, बाणावली, मडगाव अशा गावांतील जमीनदार घराण्यांच्या दिवाणखान्यांत ‘मांडो’ आकाराला आला. सहा मात्रांची संथ गती, व्हायोलिनची साथ आणि घुमटाचा ठोका, कोंकणी शब्द आणि युरोपीय स्वरमेळ, असा हा घाट आहे. होझे परैरा आणि मिकाएल मार्तिन्श या संशोधकांनी मांडोंचे जे संकलन व विश्लेषण केले त्यातून उत्कंठा, मीलन आणि वियोग हे त्यांचे प्रमुख विषय दिसतात. नृत्यरचना तर विशेष लक्ष देण्याजोगी आहे. स्त्रिया व पुरुष समोरासमोर दोन रांगांत उभे राहतात, पुढे येतात, मागे जातात. स्त्रियांच्या हाती पंखा असतो, आणि परस्परांना स्पर्श होत नाही. वॉल्ट्झमधील युगुल येथे आहे, आलिंगन नाही. स्त्री-पुरुष एकत्र नाचणे मान्य करून मर्यादाही राखणारी ही तडजोड कोणा सुधारकाने सुचवलेली नव्हती, ती रचनेतच सिद्ध झाली. मांडोला पाश्चात्यांचे अनुकरण म्हणणारे समीक्षक नेमकी हीच गोष्ट पाहत नाहीत.

मांडोनंतर द्रुत लयीची ‘दुलपदे’ येतात आणि गंभीर झालेले वातावरण थट्टेखेळीत विरघळते. गोमंतकीय ख्रिस्ती विवाहाच्या स्वागतसमारंभात प्रत्यक्ष वॉल्ट्झही दीर्घकाळ रुळला आहे. वाद्यवृंद तो वाजवतो आणि पोर्तुगीज, इंग्रजी व कोंकणी गीते एकमेकांना खेटून येतात. समारंभ संपताना तोर्कातो द फिगेरेदो यांचा निरोपाचा मांडो म्हणण्याची रीत तर सर्वश्रुत आहे. मुळात ते प्रेमिकांच्या ताटातुटीचे गीत. विवाहाच्या रात्री ते गाताना कोणाला अपशकुन वाटत नाही, कारण गाणाऱ्या सर्वांना शब्द समजतात आणि त्या शब्दांचे त्या क्षणी काय करायचे तेही ठाऊक असते. मराठी लग्नघरातील पाठवणीची गाणी आणि राजस्थानातील ‘बिदाई’ची गीते याच जातीची आहेत. विवाह हा आपल्याकडे शोकालाही जागा देणारा विधी आहे. शोकाचे शब्द कुठे म्हणायचे, एवढाच नियम असतो.

गोव्याचे हे संगीत उर्वरित भारतात पसरले ते मुंबईच्या मार्गाने. पाश्चात्य स्वरलेखन वाचू शकणारे गोमंतकीय वादक संस्थानांच्या वाद्यवृंदांत, हॉटेलांत आणि नंतर चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणशाळांत काम करू लागले. सेबास्तियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी केलेले वाद्यवृंदसंयोजन हे या इतिहासातील मोठे प्रकरण आहे. ‘अनाडी’ (१९५९) मधील मुकेश व लता मंगेशकर यांचे वॉल्ट्झच्या लयीतील द्वंद्वगीत हे त्याचे एक उदाहरण. अशा गीतांतून वॉल्ट्झ हिंदी शब्दांत बोलू लागला आणि गोव्याशी वा व्हिएन्नाशी संबंध नसलेल्या श्रोत्यालाही तो आपला वाटला.

हे सहज घडण्याचे एक कारण तालशास्त्रात आहे. आपल्या दादऱ्यात सहा मात्रा, तीन-तीनचे दोन विभाग; पहिल्या मात्रेवर सम, चौथीवर खाली. वॉल्ट्झमध्ये तीन मात्रांचा एकच घटक, पहिलीवर खर्जातील जोरकस ठोका आणि पुढच्या दोन हलक्या. वॉल्ट्झचे दोन घटक जोडले की भारतीय कानाला दादऱ्याचे आवर्तन ऐकू येते. परंतु दादऱ्याची खाली वॉल्ट्झमध्ये नसते. तेथे चौथ्या मात्रेवरही पाऊल तितक्याच निश्चयाने पडते. दादऱ्यातील भावगीतावर वॉल्ट्झ करू पाहणारे नवे नर्तक अडखळतात ते बहुधा याच ठिकाणी. लयीचा प्रश्न वेगाशीही निगडित आहे. स्पर्धानृत्यात व्हिएनीज वॉल्ट्झची गती मिनिटाला सुमारे ५८ ते ६० घटक, तर संथ इंग्रजी वॉल्ट्झची त्याच्या निम्मी असते. भरजरी घागरा नेसलेल्या वधूला पहिली गती झेपणे कठीण. दुसऱ्या गतीत मात्र घागऱ्याचा घेर गिरकीबरोबर फुलतो आणि पावलांच्या चुका झाकतो. घूमरसाठी जो घेर उपकारक, तोच येथेही कामी येतो.

आता ज्या रचना विवाहनृत्यासाठी जगभर निवडल्या जातात त्यांच्याकडे पाहिले म्हणजे शब्दार्थाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. शोस्ताकोविचचा ‘दुसरा वॉल्ट्झ’ मूळ एका सोव्हिएत चित्रपटातील संगीताशी संबंधित आहे. ‘आइज वाइड शट’ (१९९९) या दांपत्यजीवनातील संशयावरच्या चित्रपटाने तो घराघरांत पोहोचवला. खाचातुरियनचा ‘मॅस्करेड’मधील वॉल्ट्झ लेर्मोंतोव्हच्या नाटकाच्या १९४१ च्या प्रयोगासाठी लिहिला गेला. त्या नाटकात मत्सराने आंधळा झालेला पती निरपराध पत्नीला विष देतो. ‘टेनेसी वॉल्ट्झ’ हे १९५० मध्ये पॅटी पेजच्या आवाजात गाजलेले गीत ज्या नृत्यात प्रियकर मैत्रिणीने हिरावून नेला त्याच नृत्याची आठवण सांगते. मद्रासला जन्मलेल्या एंगेलबर्ट हम्परडिंकचा १९६७ मधील ‘लास्ट वॉल्ट्झ’ प्रेम संपल्याचे गीत आहे. त्या मानाने क्रिस्टिना पेरीचे ‘अ थाउजंड इयर्स’ (२०११) किंवा एड शीरनचे ‘परफेक्ट’ (२०१७) ही त्रिमात्रिक गतीची अलीकडची गीते निष्ठेची ग्वाही देतात, म्हणून ती निर्धास्तपणे निवडली जातात.

या यादीकडे उपहासाने पाहणे सोपे आहे. मांडोचे उदाहरण मात्र आवर घालते, कारण वियोगगीत विवाहात गाणे यात काही गैर नाही. फरक जाणतेपणाचा आहे. सासष्टीतील गृहस्थ वियोगाचे शब्द ओळखून गातो. जयपूरच्या हिरवळीवर विषप्रयोगाच्या नाटकातील वॉल्ट्झ वाजतो तेव्हा संहिता गळून पडलेली असते आणि केवळ स्वरांचे ऐश्वर्य उरते. कदाचित त्याचसाठी तो निवडला जातो. शब्दरहित संगीतात आजीला इंग्रजी कळत नाही ही अडचण येत नाही, आणि कळले तर काय, ही भीतीही राहत नाही. संहितेचे हे विस्मरण दोन पिढ्यांना एका मांडवात सुखाने बसवते, हे मान्य केले पाहिजे. त्याची किंमत म्हणजे त्या नृत्याबद्दल मांडवातील कोणालाच काही म्हणता येत नाही. घूमरच्या ओळी वऱ्हाडातील बायका स्वतः गातात, त्यात नवी नावे घालतात, विहीणीला टोमणे मारतात. वॉल्ट्झ चालू असताना त्याच बायका भोवती कडे करून उभ्या असतात, हातातले मोबाइल उंच धरून, मूक. कोणती धून वाजवायची हे त्यांना विचारलेले नसते. तो निर्णय वधूवर, नृत्य बसवणारा आणि ध्वनिव्यवस्था सांभाळणारा अशा तिघाचौघांत झालेला असतो. विवाहाचे संगीत ठरवण्याचा स्त्रियांचा जुना अधिकार कोणत्याही हुकूमनाम्याशिवाय येथे आकसला आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे, पाठवणीच्या वेळी, तो त्यांच्याकडे परत येतो. त्या वेळी नृत्य बसवणारा गेलेला असतो, ध्वनिक्षेपक उतरवलेले असतात, आणि बिदाईचे गीत कोणी सुरू करायचे हे वडीलधाऱ्या बायकाच आपसांत ठरवतात.