कोंडलेली हवा, काढलेली हवा

एखाद्या गोष्टीचा एकाएकी सुळसुळाट झाला की तिचे ‘पेव फुटले’ असे आपण म्हणतो. खासगी शिकवण्यांचे पेव फुटते, नव्या पतपेढ्यांचे फुटते, दिवाळी अंकांचेही फुटते. असे म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी खरे पेव पाहिलेले असते. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेले धान्याचे कोठार. वरून पाहिले तर अंगणात एक दगड आणि त्याभोवती लिंपलेली माती, एवढेच दिसायचे. खाली मात्र पुरुषभर किंवा त्याहून खोल, तोंडाशी अरुंद आणि पोटाशी रुंद असा खड्डा असे. त्याच्या भिंतींना कडब्याचे किंवा पाचटाचे अस्तर असे आणि आत ज्वारी भरलेली असे. दुष्काळी मुलखाची सगळी भिस्त या दगडावर असायची. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी पंधराव्या शतकातल्या दुष्काळात बादशाही धान्यकोठारे भुकेल्यांसाठी खुली केली, ही कथा महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. तिच्यातला चमत्काराचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. मला तिच्यातली साठवण महत्त्वाची वाटते. कुणीतरी आधी नीट साठवले होते, म्हणून कुणाला तरी ते वाटता आले.

नाशिकच्या एका स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बसवलेल्या व्हॅक्यूम यंत्राविषयी लिहायचे, तर सुरुवात पेवापासूनच करायला हवी. दोहोंचा मुद्दा एकच आहे. अन्न आणि हवा यांची ताटातूट करायची. फरक इतकाच की पेव हवा कोंडते आणि यंत्र ती काढून टाकते.

पेवात धान्य टिकायचे कसे? धान्य मेलेले नसते, ते संथपणे श्वास घेत असते. त्यातले किडेही श्वास घेतात. तोंड दगडाने आणि चिखलाने बंद केले की आतला प्राणवायू या श्वासातच खर्च होतो आणि त्याच्या जागी कर्बवायू साठतो. काही आठवड्यांत किडे गुदमरून मरतात, अंड्यांतून नवे निघत नाहीत. औषध नाही, धूर नाही. किडीच्याच श्वासाने कीड मारण्याची ही युक्ती आहे. कडेची थोडी ज्वारी ओलीने काळवंडायची, तिला कुबट वास यायचा आणि तिच्या भाकरीला मुले नाक मुरडायची. मधली मात्र वर्षानुवर्षे खाण्याजोगी राहायची. पश्चिम आफ्रिकेतल्या चवळीसाठी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने तिहेरी थराच्या हवाबंद पिशव्या काढल्या, त्यांचे तत्त्व अगदी हेच आहे. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद अशाच पेवांत ठेवत असत. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीच पेवे पाण्याने बाद केली.

या विद्येची एक किंमत होती आणि ती बहुधा गरिबालाच मोजावी लागायची. पेव उघडले की धान्य काढायला कुणीतरी आत उतरावे लागते. तो सहसा धन्याचा मुलगा नसे, गडी असे. आतली हवा बदलायच्या आधी उतरलेला माणूस दोन श्वासांत कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच आडवा होतो. म्हणून तोंड उघडून पेव बराच वेळ तसेच ठेवायचे, कंदील दोरीने खाली सोडायचा आणि तो विझला तर उतरायचे नाही, अशी रीत होती. रीत होती याचा अर्थ ती शिकवणारे प्रसंगही घडून गेले होते. शेतमालाच्या साठवणुकीवरच्या आपल्या लेखनात टिकवणुकीचे कौतुक पुष्कळ सापडते, पण उतरणाऱ्या माणसाचा उल्लेख क्वचितच.

घरातली साठवण याहून लहान होती आणि ती बायकांच्या हातात होती. वाड्याच्या भिंतीतले बळद, शेणामातीने लिंपलेली कणगी, मडक्यांची उतरंड, लोणच्याची चिनी मातीची बरणी आणि तिच्या तोंडाला बांधलेला दादरा. यांपैकी बरणीकडे जरा निरखून पाहायला हवे. दादरा म्हणजे नुसते फडके. ते धूळ आणि माशी अडवते, हवा अडवत नाही. हवा अडवते ती फोडींच्या वर बोटभर उभ्या असलेल्या तेलाची. म्हणजे लोणचे हा प्राणवायूवाचून ठेवलेला पदार्थ आहे. तरीही आजीने तेलावर एकटा भरवसा कधी टाकला नाही. आधी कैरीचा आंबटपणा, मग भरपूर मीठ, मग मोहरी आणि शेवटी तेल. सांडग्या-पापडांना तर आधी कडक ऊन. हवा तोडणे ही तिच्या लेखी शेवटची कडी होती, पहिली नव्हे. तिने हे कुठल्या पुस्तकात वाचले नव्हते. युरोपला मात्र ते पुस्तकांतून आणि प्रेतांवरून शिकावे लागले.

हवेचा पंप युरोपात सतराव्या शतकात आला. मॅग्डेबुर्गच्या ऑटो फॉन गेरिकेने १६५७ मध्ये दोन अर्धगोल एकत्र जोडून आतली हवा काढली आणि दोन्ही बाजूंना घोडे जुंपूनही ते गोल सुटेनात, हा प्रयोग शाळेच्या पुस्तकातून आपल्याला ठाऊक असतो. रॉबर्ट बॉइल आणि त्याचा साहाय्यक दनी पापँ यांनी अशाच पंपाखाली फळे आणि इतर पदार्थ ठेवून ते किती टिकतात ते पाहिले. पण पदार्थ घरोघर टिकवण्याची रीत घालून दिली ती निकोला आपेर या फ्रेंच हलवायाने. काचेच्या बाटलीत अन्न भरायचे, बूच घट्ट मारायचे आणि बाटली उकळत्या पाण्यात ठेवायची. १८१० मध्ये त्याला सरकारकडून १२,००० फ्रँक मिळाले आणि त्याने आपली पद्धत पुस्तकरूपाने जाहीर केली. ती का चालते, हे मात्र त्याला सांगता येत नव्हते. रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसाक याने बाटलीतली हवा तपासली, तिच्यात प्राणवायू सापडला नाही. प्राणवायू नाही म्हणून अन्न नासत नाही, असा त्याचा निष्कर्ष. तो निम्मा चुकीचा होता आणि ही निम्मी चूक अजून आपल्या स्वयंपाकघरांत वावरते आहे.

अन्न टिकले होते ते उकळण्यामुळे, आतले जंतू मेल्यामुळे. पाश्चरने १८६१ मध्ये दाखवले की प्राणवायूवाचून जगणारे, किंबहुना प्राणवायू सोसत नाही असे जंतू असतात. पुढे १८९५ च्या डिसेंबरात बेल्जियममधल्या एलेझेल या गावी अंत्ययात्रेला वाजवायला आलेल्या वादकांनी खारवलेले डुकराचे मांस खाल्ले, पुष्कळजण आजारी पडले आणि तिघे मेले. एमिल व्हॅन एर्मेन्जेम याने त्या मांसातून जो जंतू वेगळा काढला तोच बोट्युलिझमचा. तो मातीत सगळीकडे असतो, त्याचे बीजाणू उकळण्यालाही दाद देत नाहीत आणि हवा काढून घेतली की त्याचे फावते. त्याला अडवते ती आम्लता, मीठ, कोरडेपणा आणि कडक थंडी, म्हणजे थंडी सोडली तर आजीच्या यादीतल्याच गोष्टी. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला तेलात ठेवलेल्या लसणाने हा रोग पसरला. त्या बाटलीत तेल होते, पण आंबट काही नव्हते. आपल्या शेजारी, १९९६ मध्ये गुजरातेतल्या एका निवासी शाळेतले विद्यार्थी अशाच विषबाधेच्या संशयाने रुग्णालयात दाखल झाले, तेव्हा संशयाचे बोट बेसनाच्या शेवेकडे गेले.

यंत्राचा आणि पिशवीचा इतिहास त्या मानाने अगदी अलीकडचा. पॉलिथिनचा शोध १९३३ चा. १९६१ मध्ये सेप हागेनम्युलर यांनी जर्मनीच्या आल्गॉय भागात मल्टिव्हॅक ही कंपनी काढली. १९६३ मध्ये कार्ल बुश यांनी अन्नाच्या वेष्टनासाठी पंप बनवण्याचा व्यवसाय सुरू केला. योगायोग असा की त्याच १९६३ मध्ये अमेरिकेत पोकळी करून बंद केलेल्या धुरावलेल्या माशांमुळे बोट्युलिझमने माणसे मेली. नव्या यंत्राला इतक्या लवकर जुना धडा मिळाल्याची उदाहरणे थोडी असतील. आमच्या भागात ही यंत्रे आधी मसाले, बेदाणे आणि काजू-बदाम भरणाऱ्या छोट्या उद्योगांत दिसू लागली आणि तिथून हौशी घरांत शिरली.

पिशवीच्या तोंडातून हवा शोषणारे स्वस्त यंत्र आणि पेटीचे यंत्र यांतला फरक घेणाऱ्याने आधी समजून घ्यावा. पहिल्यात पिशवी बाहेर असते. तिच्यातली हवा ओढताना रस्साही ओढला जातो, शिवाय पिशवी खास खडबडीत लागते आणि ती महाग पडते. पेटीच्या यंत्रात पिशवी आख्खी पेटीत ठेवायची आणि जाड पारदर्शक झाकण लावायचे. हवा पेटीतूनच काढली जाते, त्यामुळे पिशवीच्या आत-बाहेर दाब सारखाच राहतो आणि रस जागचा हलत नाही. मग तापलेली पट्टी तोंड चिकटवते. शेवटी पेटीत हवा सोडली की बाहेरचे वातावरण पिशवीला आवळते. पिशवी साधी गुळगुळीत चालते. बाहेर नायलॉन, आत पॉलिथिन, जाडी साधारण ७० ते ९० मायक्रॉन. नायलॉन हवा अडवते, पॉलिथिन चिकटते. नुसत्या पॉलिथिनच्या पिशवीतून प्राणवायू हळूहळू परत आत येतो, मग दुकानदार काहीही सांगो. यंत्र बरेच वजनदार असते, ते रोज कपाटातून काढ-घाल करायचे नसते. तेलाचा पंप असेल तर तेल बदलावे लागते. वाफ जाऊन ते दुधाळ झाले की पंपाची ओढ कमी होते.

नाशिककरासाठी आणखी एक बारीक गोष्ट. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. मुंबईला हवेचा दाब ७६० मिलिमीटर पाऱ्याइतका असला, तर इथे तो ७१० च्या आसपास. यंत्राचा काटा बाहेरच्या आणि आतल्या दाबातला फरक दाखवतो, म्हणून तो इथे ७१० च्या पुढे जाऊच शकत नाही. तबकडीवर ७६० लिहिलेले पाहून यंत्र परत करायला निघणाऱ्यांनी दोष सह्याद्रीला द्यावा. दुसरी गोष्ट, दाब उतरला की पाण्याचा उत्कलनबिंदूही उतरतो. पेटीतला दाब पुरेसा खाली गेला की खोलीच्या तापमानालाही आमटी उकळू लागते, गरम असेल तर त्याच्या कितीतरी आधी. विस्तवाशिवाय उकळणारी आमटी पाहायला गंमत वाटते, पण ती पिशवीच्या तोंडाला लागते आणि शिवण बसत नाही. म्हणून रस्सा आधी फ्रीजमध्ये चांगला गार करायचा आणि पिशवी अर्धीच भरायची.

घरच्या काळ्या मसाल्याला, बेदाण्याला, शेंगदाण्याला, आंबेमोहोराला ही पिशवी मानवते. कोरडे पदार्थ खवट होतात ते प्राणवायूने आणि सादळतात ते ओलीने, इथे दोन्ही वाटा बंद होतात. शिजवलेली भाजी, सोललेला लसूण, बिनमिठाची उसळ यांची गोष्ट वेगळी. त्यांना पिशवीत घातल्यावर बर्फाच्या कप्प्यातच जागा द्यावी, फडताळात अजिबात नाही. फुगलेली पिशवी न उघडता टाकावी. न फुगलेलीही निर्दोष असतेच असे नाही, कारण या विषाला वास किंवा चव असावीच असा नियम नाही. यंत्रासोबतच्या माहितीपत्रकात ‘ताजेपणा पाचपट टिकतो’ अशा धर्तीची वाक्ये ठळक असतात आणि ही सूचना असलीच तर शेवटच्या पानावर बारीक अक्षरात. गे-ल्युसाकची निम्मी चूक ती हीच.

दिवाळीत या यंत्राची खरी परीक्षा होते, कारण परदेशातल्या मुलांना फराळ पाठवायचा असतो. वीस बाय पंचवीस सेंटीमीटरच्या पिशवीच्या एका अंगावर नाशिकची हवा पावणेपाच क्विंटलांहून अधिक भार टाकते. गेरिकेच्या घोड्यांना न उमगलेली ही गोष्ट चकलीला लगेच उमगते. चिवड्याचा चुरा होतो, बेसनाचे लाडू एकमेकांत रुततात, करंजीचे तर विचारूच नये. बाजारातला चिवडा फुगीर पिशवीत येतो त्याचे कारण हेच. तिथे हवा काढून तिच्या जागी नायट्रोजन भरलेला असतो. काही पेट्यांना असा वायू सोडायची नळी असते, पण नायट्रोजनचे नळकांडे घरात ठेवणे म्हणजे फराळापेक्षा मसाला जड. घरगुती उपाय म्हणजे यंत्र मध्येच थांबवून अर्धवट पोकळीवर तोंड चिकटवणे किंवा चकल्या आधी पुठ्ठ्याच्या कडक डब्यात घालून तो डबा पिशवीत बंद करणे. शंकरपाळे मात्र कशालाही डगमगत नाहीत.

आणि कांदा. नाशिक जिल्ह्याच्या नावाबरोबर जे पीक घेतले जाते ते नेमके या सगळ्या विद्येच्या उलट वागते. उन्हाळी कांदा मार्च-एप्रिलात निघतो आणि पुढचे पाच-सहा महिने चाळीत राहतो. चाळ म्हणजे जमिनीपासून उचललेली, तळाला आणि बाजूंना फटी ठेवलेली, वारा आरपार जाणारी लांबट खोली. तो जिवंत आहे, त्याला श्वास लागतो. पिशवीत घालून त्याची हवा काढली तर तो आतल्या आत आंबतो, मऊ पडतो आणि पाणी सोडतो. त्याचे कोंब थांबवायला लासलगावात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रावर चालणारे विकिरण केंद्र उभारले गेले. २००७ मध्ये अमेरिकेला गेलेल्या हापूसवर प्रक्रिया झाली तीही तिथेच. एवढी किरणे घेतलेला कांदासुद्धा शेवटी हवेशीर जागीच ठेवावा लागतो. आश्विनात चाळी तळाला लागतात. मागे राहिलेल्या कांद्यांतून हिरवे कोंब डोके काढतात, शेतकरी सकाळी सडलेले वेचून बाहेर फेकतो आणि उरलेले ट्रॅक्टरमध्ये भरून बाजार समितीकडे निघतो.