शुद्धीवर आल्यानंतरची उलटी : एका ‘किरकोळ’ त्रासाचा इतिहास

१/ सांगवी फाट्याजवळचे औंध जिल्हा रुग्णालय असो वा पुण्याचे ससून, शस्त्रक्रिया संपत आली की भूलतज्ज्ञ सहसा सलाइनच्या नळीतून एक छोटे इंजेक्शन देतात : ऑन्डान्सेट्रॉन, ४ मिलिग्रॅम. रुग्णाला त्याचा पत्ताही नसतो. शुद्धीवर आल्यावर उलटी होऊ नये, एवढेच त्याचे काम. हे ‘एवढेच’ साधायला वैद्यकाला जवळजवळ दीड शतक लागले. त्याचा हा धागा.

२/ सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात दोन वेगळे आदेश आढळतात. शस्त्रकर्मापूर्वी रुग्णाला अन्न द्यावे, वेदना सोसवत नसेल त्याला मद्य पाजावे, हा एक. मूढगर्भ, उदर, मूळव्याध, मूतखडा, भगंदर आणि मुखरोग यांची शस्त्रकर्मे मात्र उपाशीपोटी करावीत, हा दुसरा. ऑपरेशनपूर्वी उपाशी राहण्याच्या आजच्या नियमाचे हे फार जुने रूप.

३/ १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. २२ मार्च १८४७ रोजी ईथर कलकत्त्यात वापरले गेले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एडिंबरोत सिम्प्सनने क्लोरोफॉर्म आणले. वेदना हरली, पण नवा त्रास सुरू झाला. ईथरच्या काळात दहापैकी सात-आठ रुग्णांना भुलीनंतर उलट्या होत. १८४८ मध्ये जॉन स्नो यांनी निरीक्षण नोंदवले की शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला लगेच हलवले की उलटी उसळते. त्यांचा उपाय होता थोडी वाइन आणि अफू.

४/ हे जॉन स्नो म्हणजे पुढे लंडनमधील कॉलऱ्याचा माग पाण्याच्या पंपापर्यंत काढणारे तेच. मात्र त्यांच्या उपायात एक विसंगती दडलेली होती. अफू वेदना शमवते, पण मळमळ वाढवते. हा पेच आजही सुटलेला नाही.

५/ उलटीकडे दुर्लक्ष का झाले? कारण समोर मृत्यू उभा होता. क्लोरोफॉर्मने माणसे टेबलावरच दगावत. मराठवाडा ज्या निजामाच्या राज्यात होता, त्याच्या राजधानीत १८८८ आणि १८८९ मध्ये दोन ‘हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन’ बसली. वाद होता तो हृदय आधी थांबते की श्वास, याचा. जगलेला रुग्ण रात्रभर ओकत राहिला, तर तो भुलीचा ठरलेला मोबदला समजला जाई.

६/ १२ जानेवारी १९२४, पुणे. येरवड्याच्या तुरुंगातून आणलेल्या महात्मा गांधींवर ससून रुग्णालयात रात्री अ‍ॅपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली. शल्यविशारद कर्नल मॅडॉक, भूल क्लोरोफॉर्मची. मध्येच वीज गेली, विजेरीनेही दगा दिला आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले. हा प्रसंग अनेकांना ठाऊक असतो. कमी लक्षात येते ते हे, की देशातील सर्वांत महत्त्वाच्या रुग्णासाठीही भुलीनंतरची उलटी खात्रीने टाळणारे औषध तेव्हा जगात कुठेच नव्हते.

७/ हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नव्हता. उलटीच्या जोराने पोटाच्या ताज्या टाक्यांवर ताण येतो. अर्धवट शुद्धीतील रुग्णाच्या श्वासनलिकेत ओकारी गेली तर जीवही जाऊ शकतो. डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तर उलटीचा एक उमाळाही घातक ठरू शकतो.

८/ पहिली खरी औषधे आली ती दुसऱ्याच वाटेने. फ्रान्समध्ये १९५० च्या अखेरीस क्लोरप्रोमाझिन तयार झाले आणि आँरी लाबोरी या शल्यविशारदाने ते भुलीच्या जोडीला वापरून पाहिले. पुढे ते मनोविकारांवरचे औषध म्हणून गाजले, पण उलटीही थांबवत असे. १९६० च्या दशकात मेटोक्लोप्रमाइड आणि ड्रोपेरिडॉल आले. उपयोग होता, पण किंमत मोजावी लागे : गुंगी, घसरणारा रक्तदाब, कधी मान नि जबडा अचानक आखडणे.

९/ दरम्यान बोरिसन आणि वांग या संशोधकांनी मेंदूच्या बुंध्याशी असलेली, रक्तातील विष ओळखून उलटीचा इशारा देणारी जागा दाखवून दिली. पुढे सेरोटोनिनचे कार्य उलगडले. शरीरातील बहुतांश सेरोटोनिन आतड्यात असते. ते सुटले की व्हेगस या चेतातंतूमार्गे मेंदूला निरोप जातो. ग्लॅक्सोने शोधलेले ऑन्डान्सेट्रॉन हा निरोपच अडवते, आणि तेही गुंगी न आणता. अमेरिकेत १९९१ मध्ये त्याला आधी केमोथेरपीच्या उलट्यांसाठी मान्यता मिळाली. शस्त्रक्रियेचा क्रमांक नंतर लागला.

१०/ मग हे महाग परदेशी औषध भारतातील सरकारी रुग्णालयापर्यंत कसे पोहोचले? याचे उत्तर १९७० च्या पेटंट कायद्यात आहे. त्यात औषधाच्या रेणूला नव्हे, केवळ ते बनवण्याच्या प्रक्रियेला पेटंट मिळे. त्यामुळे भारतीय कंपन्या वेगळ्या प्रक्रियेने तेच औषध स्वस्तात बनवू शकत. या स्वावलंबनाच्या विचाराची एक आरंभखूण सांगवीपासून जवळच आहे : १९५४ मध्ये पिंपरीत स्थापन झालेला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना. तेथे पेनिसिलिन बनले, ऑन्डान्सेट्रॉन नव्हे. पण औषध येथेच बनले पाहिजे, हा आग्रह तोच. आज ऑन्डान्सेट्रॉन भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

११/ औषध कोणाला द्यायचे? १९९९ मध्ये जर्मनीतील क्रिस्टियन आपफेल आणि सहकाऱ्यांनी चार प्रश्न पुढे ठेवले : रुग्ण स्त्री आहे का? धूम्रपान न करणारी आहे का? प्रवासात किंवा आधीच्या भुलीनंतर उलटी झाली होती का? शस्त्रक्रियेनंतर अफूवर्गीय वेदनाशामके लागणार का? चारही उत्तरे ‘नाही’ असतील तर धोका सुमारे १० टक्के. चारही ‘हो’ असतील तर सुमारे ८० टक्के.

१२/ २००४ मध्ये याच आपफेल यांच्या नेतृत्वाखाली ५,१९९ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. ऑन्डान्सेट्रॉन, डेक्सामेथासोन आणि ड्रोपेरिडॉल ही प्रत्येकी धोका सुमारे एक-चतुर्थांशाने घटवतात आणि प्रत्येकाचा परिणाम स्वतंत्र असतो, हे तीत दिसले. म्हणजेच ८० टक्के धोका असलेल्या शंभर जणांना एका औषधाने वीसएक उलट्या टळतात. १० टक्के धोका असलेल्यांत जेमतेम दोन-तीन. म्हणून जास्त धोका असलेल्यास दोन-तीन औषधे एकत्र देतात.

१३/ याच विषयात विज्ञानातील एक मोठी फसवणूकही घडली. जपानी भूलतज्ज्ञ योशिताका फुजी यांचे ग्रॅनिसेट्रॉनवरील आकडे संशय यावा इतके ‘छान’ आहेत, असे आपफेल आणि सहकाऱ्यांनी २००० मध्येच पत्र लिहून निदर्शनास आणले. कारवाईला २०१२ उजाडले. जपानच्या भूलतज्ज्ञ संघटनेच्या चौकशीत १७२ शोधनिबंधांत बनावट माहिती आढळली. ज्या त्रासाला ‘किरकोळ’ मानले जाते, त्यावरच्या पुराव्याची तपासणीही ढिलीच राहते, हा त्याचा धडा.

१४/ १९९१ मध्ये पॅट्रिशिया कपूर यांनी एका संपादकीयात या त्रासाला ‘मोठी छोटी समस्या’ म्हटले. ते नाव समर्पक आहे. सर्वाधिक धोका स्त्रियांना. आणि ‘भूल उतरली की होतेच असे’ हे उत्तरही पिढ्यान्‌पिढ्या त्यांनीच ऐकले. वैद्यकाच्या इतिहासात शोध कोणी लावला याची नोंद सापडते. कोणाचा त्रास किती काळ ‘किरकोळ’ ठरवला गेला, ही नोंद मात्र शोधावी लागते.

(धागा समाप्त)